काटेसाहेब पाच वेळा पडले

कॅमेरा बसवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. तो मुलीने परस्पर निकालात काढला होता. काटेसाहेबांच्या हाती उरलं होतं ते एवढंच, की कुठला.

"बाबा, एक तर घरात कॅमेरा लावा, नाहीतर बॅग भरून माझ्याकडे राहायला या. तिसरं काही नाही," ती फोनवर म्हणाली होती. कारणही तसंच होतं. तीन महिन्यांपूर्वी काटेसाहेब स्वयंपाकघरात स्टुलावरून पडले होते. त्यांच्या मते ते पडले नव्हते, जरा घाईने उतरले होते. पण घाईने उतरलेल्या माणसाच्या मनगटाला प्लास्टर का घालावं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत कोणाला पटवता आलं नाही.

मुलीचं घर मोठं होतं, जावई सज्जन होता, आणि तिथे काटेसाहेबांसाठी एक वेगळी खोलीसुद्धा होती. त्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि दिवसभर "तुम्ही काही करू नका हं" असं ऐकायची उत्तम सोय होती. काटेसाहेबांना तिथे जायचं नव्हतं. बायको गेल्यानंतर ते तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत एकटे राहत होते, इथला प्रत्येक खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता, आणि काही न करणं ही गोष्ट त्यांना आयुष्यात कधी जमली नव्हती. तेव्हा कॅमेरा तर कॅमेरा.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. नोकरीभर दुकानादुकानांतून फिरून त्यांनी तराजू, काटे आणि वजनं तपासली. खऱ्यावर शिक्का मारला, खोटं जप्त केलं, आणि या धामधुमीत मूळ आडनाव कुठे गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. निवृत्त झाले तरी हाताची सवय काही निवृत्त झाली नाही. दवाखान्यात गेले तरी आपलं वजन करण्याआधी ते वजनकाटा पायाने हलवून बघत, सपाट जागेवर आहे ना म्हणून. अशा माणसाला कुणीतरी दोन वस्तूंतून एक निवडायला सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणंच होतं. पण मुलीला ते सुचलं नाही, आणि कॅमेरावाल्याला तर बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

कॅमेरावाला दोन खोकी घेऊन आला. "हा फिक्स. लावला त्या दिशेला बघणार, जन्मभर. आणि हा ट्रॅकिंगवाला. माणूस हलला की त्याच्या मागे मान फिरवणार."

"माणूसच कशावरून? पडदा हलला तर?" काटेसाहेबांनी विचारलं.

"पडदा ओळखतो, साहेब. बुद्धी आहे त्यात."

"किती?"

कॅमेरावाल्याला आजवर सगळ्यांनी किंमत किती असंच विचारलं होतं. त्याने थोडा वेळ खोक्यावरचा मजकूर वाचला, बुद्धीचं माप कुठे सापडतंय का ते पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "असं करू, दोन्ही लावून जातो. काही दिवस वापरून बघा. नको असेल तो मी परत नेईन." काटेसाहेबांचे डोळे लकाकले. तपासणीसाठी वस्तू आपण होऊन ताब्यात देणारा व्यापारी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

फिक्स कॅमेरा बाहेरच्या खोलीत दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसला. ट्रॅकिंगवाला समोरच्या पुस्तकांच्या कपाटावर. मुलीच्या फोनवर दोन्ही दिसू लागले, काटेसाहेबांच्याही फोनवर दिसू लागले, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या इमारतीला कळलं. आपल्याकडे बातमीला लिफ्ट लागत नाही.

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्या पीटीच्या बाई आल्या. बाईंनी शाळेत जन्मभर मुलांना मैदानावर पळवलं होतं. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. अडीअडचणीला म्हणून या घराची एक किल्लीही त्यांच्याकडे असायची. "ट्रॅकिंगवालाच ठेवा," त्या म्हणाल्या. "कोणी मागे लागल्याशिवाय माणूस हलत नाही. हा माझा अनुभव आहे."

दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर दातांचे होते. त्यांनी फिक्सच्या बाजूने कौल दिला. "खुर्चीत पेशंट हलला की फोटो बिघडतो. कॅमेऱ्याने हलू नये आणि माणसानेही हलू नये."

"मग घरात वावरायचं कसं?"

"ते मी कसं सांगणार? मी दातांपुरतं सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

तिसरे आले सोसायटीचे सेक्रेटरी, आणि ते सल्ला द्यायला आले नव्हते. त्यांच्या काखेत नियमावली होती. "तुमच्या घरात तुम्ही काय लावता ते तुमचं तुम्ही बघा," त्यांनी सुरुवात केली. अशी सुरुवात झाली की पुढे 'पण' येणार हे काटेसाहेबांनाही माहीत होतं. "पण तो मान फिरवतो असं कानावर आलं."

"फिरवतो."

"म्हणजे खिडकी उघडी असली की समोरच्या इमारतीत बघणार. नियमावलीत फिरणाऱ्या वस्तू दोनच आहेत, पंखा आणि पाण्याचा पंप. मी याला कशात घालू?"

"पंख्यात घाला."

"पंखा कुणाकडे बघत नाही," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही एक हमीपत्र द्या, की हा फक्त तुमच्याचकडे बघेल."

"हमी मी कशी देऊ? तो माझ्या ऐकण्यातला नाही. उद्यापासून बघतो त्याला काय काय कळतं ते."

सेक्रेटरींनी विषय कमिटीच्या पुढच्या बैठकीवर ढकलला. ढकललेला विषय हा त्यांच्या कारभारातला सर्वांत सुखाचा विषय असे, त्यामुळे ते चहा घेऊन आनंदाने गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू झाली. काटेसाहेब आधी खोलीत सावकाश चालले. कपाटावरची ती गोल मान सावकाश वळली. ते झपाझप चालले. तीही झपाझप वळली. ते उलटे चालले. मानेला फरक पडला नाही. मग त्यांनी आपला शर्ट झाडूला अडकवला आणि स्वतः दाराआड उभं राहून तो झाडू खोलीभर नाचवला. कॅमेऱ्याने एकदा पाहिलं आणि मान काढून घेतली. आपण आत नसलो तर आपल्या शर्टाला काडीची किंमत नाही, हे काटेसाहेबांना जरा लागलंच. पण मनातल्या मनात त्यांनी कॅमेऱ्याला त्याचे गुण दिले.

टॉवेल डोक्यावरून घेतला तरी ओळखतो. खुर्ची डोक्यावर घेतली तरी ओळखतो. मग काटेसाहेब गुडघ्यांवर आले आणि टेबलाखालून रांगत निघाले. कॅमेरा क्षणभर थांबला, विचारात पडल्यासारखा, आणि मग मागे लागला. काटेसाहेबांना त्याचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात कॅमेऱ्यातून मुलीचा आवाज आला, "बाबा, घरात कुत्रा शिरलाय का?"

काटेसाहेबांचं डोकं टेबलाला खालून आपटलं. "कुत्रा? कुठे?"

"मला फोनवर आलंय, पाळीव प्राणी आढळला म्हणून."

"प्राणी नाही, मी आहे," टेबलाखालून काटेसाहेब म्हणाले.

मग मुलगी हळूच म्हणाली, "बरं. जेवून घ्या वेळेवर." तिच्या आवाजात एक विलक्षण समजूतदारपणा आला होता. इतका समजूतदारपणा माणसं फक्त लहान मुलांशी आणि हाताबाहेर गेलेल्यांशी बोलताना दाखवतात. काटेसाहेबांना मात्र वेगळीच चिंता पडली. परीक्षेच्या वेळी बाहेरून असा आवाज यायला लागला तर निकालात फरक पडायचा. त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या आवाजाच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि आपला फोन आतल्या खोलीत गादीखाली ठेवून दिला.

खरा शोध लागला तो दुपारी, पेपर वाचताना. पेपरात कोडं होतं, आणि कोडं अडलं की काटेसाहेब दगडासारखे बसत. सहज त्यांनी वर पाहिलं तर कॅमेरा त्यांच्याकडे पाठ करून खिडकीवरच्या कबुतराकडे बघत होता. त्यांनी पेपर हलवला; मान वळली. ते पुन्हा स्तब्ध बसले. थोड्या वेळाने कबुतराची पाळी आली. काटेसाहेब खुर्चीतून ताडकन उठले. हलणाऱ्याच्या मागे हा लागणार, ठीक आहे. पण मुलीला काळजी हलणाऱ्या बापाची नव्हतीच. तिला काळजी होती पडून राहिलेल्याची. सकाळपासून त्यांनी चालणं तपासलं होतं, आणि तपासायला हवं होतं पडणं.

आता काटा तपासायची एक रीत असते. वजन नुसतं मधोमध ठेवून भागत नाही. तेच वजन पारड्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवून बघायचं असतं, कारण मधोमध खरं बोलणारे काटे कोपऱ्यात खोटं बोलतात. काटेसाहेबांनी खोलीची फरशी हे पारडं धरलं आणि वजन म्हणून स्वतःला घेतलं. कपाटातून खडू काढला. प्रत्येक पडण्याची जागा पक्की राहावी म्हणून ते मधोमध उताणे झोपले आणि आपल्याभोवती खडूने रेघ ओढून घेतली. पायांकडे हात पोचेना, तेव्हा खडू झाडूला बांधला. मग डोळे मिटून, श्वास जमेल तितका रोखून ते निपचित पडले. ट्रॅकिंगवाल्याने त्यांना पडताना अगदी उत्सुकतेने पाहिलं आणि थोड्याच वेळात तो कबुतराकडे वळला. फिक्स तेवढा टक लावून बघत राहिला. मधल्या जागेत फिक्स पास.

दिवाणाच्या कोपऱ्यात ते पडले. आत जाऊन फोनवर चित्रण पाहून आले. फिक्समध्ये फक्त पावलं दिसत होती. कपाटाच्या कोपऱ्यात धड दिसलं, डोकं नाही. खिडकीच्या कोपऱ्यात उजेड इतका, की माणूस आहे की सतरंजी ते कळू नये. दर वेळी पडायचं, रेघ ओढायची, थांबायचं, उठायचं, बघून यायचं. फोनवर मुलीचे बरेच कॉल येऊन गेलेले दिसत होते, पण तपासणी अर्धवट सोडून गप्पा मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटचा कोपरा उरला दाराजवळचा, फिक्स कॅमेऱ्याच्या थेट खाली. काटेसाहेब तिथे आडवे झाले, रेघ पुरी केली आणि डोळे मिटले.

तिकडे ऑफिसात मुलगी फोन हातात धरून बसली होती. बाप मधोमध पडला होता, मग दिवाणापाशी, मग कपाटापाशी, मग खिडकीपाशी. ती कॅमेऱ्यातून ओरडली, ते चिकटपट्टीत अडकलं. फोन गादीखाली वाजत राहिला. आणि आता बाप कुठेच दिसेना. तिने पीटीच्या बाईंना फोन लावला.

दार उघडलं ते काटेसाहेबांच्या कमरेला लागलं. त्यांना कळलं की कोणीतरी आलंय. पण नोंद पूर्ण व्हायला अजून जरासा वेळ हवा होता, म्हणून त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, थांबा या अर्थाने. बाईंनी खोलीभर पसरलेल्या खडूच्या चार माणसांकडे पाहिलं, पाचव्या खऱ्या माणसाकडे पाहिलं, ते बोट पाहिलं, आणि जन्मभराच्या सवयीने शिट्टी फुंकली.

शिट्टी ऐकून डॉक्टर धावत आले. त्यांनी गुडघे टेकले आणि पहिलं काम केलं ते काटेसाहेबांचं तोंड उघडण्याचं, कारण तिथून पुढचं त्यांना नेमकं माहीत होतं. पाठोपाठ सेक्रेटरी आले. "कोणी कशाला हात लावू नका," ते दारातूनच म्हणाले. त्यांनी खडूच्या आकृत्या बोटाने मोजल्या, चेहरा उतरला, आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाकीचे चौघे कुठे आहेत?"

"मीघ आहे," काटेसाहेब म्हणाले. डॉक्टरांची दोन बोटं तोंडात असल्यामुळे त्यांना याहून स्पष्ट बोलता येईना. बोटं बाहेर आल्यावर त्यांनी सगळं नीट समजावलं: पारडं, कोपरे, कबुतर. कोणाच्याच चेहऱ्यावर समजल्याची खूण दिसेना. सेक्रेटरी मात्र दोन्ही हात हलवून बोलतच राहिले, आणि कपाटावरचा कॅमेरा बाकी सगळ्यांना सोडून त्यांच्या हातांमागे मान फिरवत राहिला. मुलीला फोनवर दिसत होते ते फक्त सेक्रेटरी, मूकपणे आकांत करणारे. ती तशीच उठली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात एक मोठी बॅग होती, आणि ती हलकी दिसत होती. रिकामी बॅग कशासाठी आणतात हे काटेसाहेबांना कोणी सांगायला नको होतं. तिने बॅग दाराशी ठेवली आणि फरशीकडे बघत राहिली.

"हे काय आहे, बाबा?"

काटेसाहेबांनी सांगितलं. शर्टापासून सुरुवात करून, काही न गाळता सांगितलं. सांगता सांगता ते रंगात आले आणि बॅगेचा विसर पडला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे पडलेल्या माणसाकडे तो बघतच नाही?"

"ढुंकूनही नाही. थांब, दाखवतो."

"तुम्ही नको," ती म्हणाली. "मी पडते."

तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि मधल्या आकृतीत आडवी झाली. ती रेघ तिला सगळीकडून मोठी होत होती. कॅमेऱ्याने तिला निरखलं. मग काटेसाहेब नीट दिसावं म्हणून दोन पावलं बाजूला झाले, तशी मान तिला सोडून त्यांच्याकडे वळली.

"बघितलंस?" काटेसाहेब आनंदाने म्हणाले. "अगदी हेच. ऊठ आता."

ती उठली नाही. डोळे मिटलेले, एक हात वेडावाकडा बाजूला पडलेला. पोरगी आपल्यावर गेली आहे, तपासणी करायची तर नीट करते, असं त्यांना आधी वाटलं. ते थांबले. पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस तेवढे हलत होते. "झालं गं. ऊठ," ते म्हणाले. ती हलली नाही. ती नाटक करते आहे हे काटेसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. रेघ त्यांनीच ओढली होती, रीत त्यांचीच होती. तरी त्यांना एकाएकी फार भीती वाटली. ते घाईने खाली बसले, गुडघा कडकन वाजला, आणि त्यांनी तिचा खांदा गदागदा हलवला. "ऊठ ना गं, बाळा."

तिने डोळे उघडले. "मी आज हे ऑफिसात बसून बघितलं," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा."

काटेसाहेब तिच्याशेजारी फरशीवरच बसून राहिले. कॅमेऱ्याला दोघं हलेनात म्हटल्यावर काही करण्यासारखं उरलं नाही. तो खिडकीकडे वळला.

"मग सांगा," थोड्या वेळाने ती पडल्या पडल्याच म्हणाली. "तुम्ही तपासलंय. कुठला ठेवला तर मी निर्धास्त राहीन?"

उत्तर अगदी सोपं होतं. फिक्स म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. बॅग रिकामी परत गेली असती. शब्द काटेसाहेबांच्या ओठांवर आलासुद्धा. पण खोट्यावर शिक्का त्यांनी कधी मारला नव्हता, आणि मघाशी ज्या हाताने तिचा खांदा धरला होता त्या हाताने तर तो उचलेना. "एकही नाही," ते म्हणाले. "हा पडलेल्याकडे बघत नाही, आणि तो चार कोपऱ्यांत आंधळा. दोन्ही नापास." मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. "दोन शर्ट इस्त्रीला गेलेत. ते उद्या मिळतील."

ती उठून बसली. केसांना मागून खडू लागला होता. "मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी ठोकून द्याल."

"वाटलं तर मलाही होतं."

"बाबा, मी कॅमेरा का मागितला माहितीये? फोन केला की तुम्ही म्हणता, मजेत आहे. प्लास्टर घातलं त्या दिवशीसुद्धा तुम्ही मजेत होता. मग मी विश्वास कशावर ठेवायचा? एखादं यंत्र तरी खरं सांगेल म्हटलं." तिने डोळे पुसले आणि फरशीवरची रेघ तळव्याने पुसायला लागली. "फिक्स ठेवू. स्वयंपाकघराकडे तोंड करून. बाकीचं तुम्ही सांगायचं. आज सांगितलंत तसं, स्वतःच्या विरुद्ध जात असलं तरी. सांगाल?"

काटेसाहेबांनी मान डोलावली. शब्द देण्याआधी ते थोडे थांबले, हे तिला आवडलं. देऊन टाकलेल्या शब्दापेक्षा तोलून दिलेला बरा.

ट्रॅकिंगवाला दुसऱ्या दिवशी परत गेला. "काय खराबी निघाली, साहेब?" कॅमेरावाल्याने विचारलं. काटेसाहेबांनी त्याला बसवून घेऊन सांगितलं, आणि तो बराच वेळ बसला. सेक्रेटरींना मात्र हळहळ वाटली. एक चांगला, बरीच वर्षं ढकलता आला असता असा विषय हातचा गेला. मुलगी बॅग रिकामीच घेऊन परत गेली. जाताना तिने घरातलं स्टूल तेवढं पीटीच्या बाईंच्या ताब्यात दिलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "कसे आहात, बाबा?"

मजेत हा शब्द काटेसाहेबांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्यांनी तो गिळला. म्हणाले, "उजवा गुडघा सुजलाय, त्या दिवशी खाली बसलो त्याने. सकाळी न्हाणीघरात पाय घसरता घसरता राहिला, नळ धरला म्हणून वाचलो. आणि काल रात्री कंटाळा आला म्हणून जेवलो नाही, दूध पिऊन झोपलो."

मग ती जी सुरू झाली ती थांबेना. गुडघ्याला शेक का घेतला नाही, न्हाणीघरात रबराची चटई का टाकली नाही, आणि कंटाळा आला म्हणून उपाशी झोपायचं हे कुठलं वागणं. काटेसाहेब हूं हूं करत ऐकत राहिले. कोणी बघत असलं की कॅमेऱ्यावर एक बारीक निळा दिवा लागतो. त्यांनी मान वर करून पाहिलं. दिवा लागलेला नव्हता.